शंखाला दिलेलं उत्तर

नावं कुणाचीच घेणार नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं एकदा घेतलं, तेवढं पुरे झालं. बाकीच्यांची घेतली तर त्यांची नातवंडं अजून गावात नांदताहेत, मास्तरांचा मुलगा तर परवाच भेटून गेला. उगाच कुणाच्या घरात भांडण कशाला लावा? पण झालं ते सांगणार. आता सांगायचं नाही तर केव्हा, सरणावर चढल्यावर?

मी नागावची. नारळी-पोफळीच्या सावलीत आणि गोड्या विहिरीवर वाढलेली. बापाने चौथीपर्यंत शाळेत घातलं आणि मग दिलं ते खारेपाटात. पहिल्या दिवशी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि चूळ भरल्यासारखं अंगणात टाकलं. सगळं सासर बघत होतं. माझी थोरली जाऊ पदराआड हसली. म्हणाली, "सवय व्हईल गो. आमाला झाली ना?" मी तिला बाय म्हणायची. थोरल्या बहिणीसारखीच वागली माझ्याशी, शेवटपर्यंत.

खारेपाटात न राहिलेल्या माणसाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमची शेतं भरतीच्या पाण्याच्या खाली आहेत. समुद्राचं पाणी खाडीतून आत येतं आणि आमच्या शेताशी येऊन थांबतं, ते फक्त मातीच्या बांधामुळे. बांध आहे तर भात आहे, भातामागून थंडीत वाल आहे. बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खाऱ्या पाण्याने जमीन एकदा भिजली की पुढचे दोन-तीन पावसाळे तिथे भाताची काडी धरत नाही. त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. त्या मेल्या बांधाला बिळं पाडतात, वरून काही दिसत नाही आणि आतून बांध पोकळ. म्हणून अवस-पुनवेच्या उधाणाला घरटी एकाची बांधावर पाळी लागायची.

पाळीवाल्याकडे शंख असायचा. खांड पडायला लागलेली दिसली की त्याने शंख फुंकायचा. गावात तीन आळ्या, प्रत्येक आळीत एक शंख. ज्याने ऐकलं त्याने उलट शंख फुंकायचा. म्हणजे ऐकलं, निघालो. उत्तर येईपर्यंत बांधावरच्याने वाजवत राहायचं. उत्तर आलं की शंख खाली ठेवायचा आणि खांडीत उतरून फळी आडवी धरून तिला पाठ लावायची, मागून येणाऱ्यांनी चिखल आणि पेंढा भरायचा. आणि उत्तर आलंच नाही तर? तर उतरायचं नाही. शेत गेलं तर जाऊ दे, पळत घरी यायचं. एकट्याने पाठ लावली तर पाणी माणसाला बांधासकट आत घेतं. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी ऐकला नव्हता. माझे थोरले दीर तर कायद्याचे पक्के. जेवताना सुद्धा आधी बांधाकडे तोंड करून बसायचे. मी गमतीने म्हणायची, बाय, तुझी सवत ती, बघ कशी समोर बसलीय.

आमचे हे मात्र वेगळे. तोंडाळ, हौशी, चार माणसांत रमणारे. तीस साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा हे गावातल्या आणखी तिघांबरोबर गेले. मला तर हसावं की रडावं कळेना. ज्या मिठापायी आमच्या तोंडचं पाणी कडू, जमीन कडू, ते मीठ करायला हा माणूस तुरुंगात! पण गेले, लाठ्या खाल्ल्या, आत बसले. सुटून आले तेव्हा गालाची हाडं वर आलेली आणि डाव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं. तितके दिवस दिरांनी आमच्याही वाट्याची पाळी केली. लोक म्हणायचे, भावाला अडवलं का नाहीस? तर म्हणायचे, "तो आत हाय तवर त्याची पाळी माझी. त्यात काय एवढं?"

त्या तुरुंगवासाची पुढे बरीच वर्षं कुणी दखल घेतली नाही. मग प्रांतात आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ आलं आणि सगळ्यांना एकदम आठवलं. जानेवारीत स्वातंत्र्याचा दिवस पाळायचा, झेंडा लावायचा आणि तुरुंगात गेलेल्या चौघा स्वयंसेवकांचा सत्कार करायचा, असं शाळेच्या मास्तरांनी ठरवलं. मास्तर भला माणूस. उत्साह मात्र इतका, की त्यात कुणी अडकून पडलं तरी त्यांना दिसायचं नाही.

नेमकं त्या दिवशी उधाण होतं आणि पाळी यांची होती.

यांनी भावाला पाळी घे म्हणून सांगितलं नाही. सांगायची हिंमतच नव्हती. मुकाट कांबळं उचललं आणि शंख घेतला. दिरांनी तो हातातून काढून घेतला. "आज तुझा मान हाय. गावासमोर उभं राहा नीट, सदरा धुतलेला घाल. बांधाचं मी बघतो."

"दादा, तू पण ये ना. तुझ्यामुळे तर..."

"माझ्यामुळं काय? मी काय दांडे खाल्ले? जा." एवढं बोलून ते उजाडायच्या आत निघून गेले. बायने भाकरी बांधून दिली होती. मी दारात होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला टोपी सरळ घालायला सांग. लग्नातसुद्धा वाकडी घातली व्हती त्यानं."

दिवसाची भरती म्हणून कुणाला फारशी काळजी नव्हती. आमच्याकडे थंडीत रात्रीची भरती मोठी आणि दिवसाची धाकटी. रात्रीची सुखरूप गेली होती. पण रात्रभर पाणी पिऊन बांध आतून भिजलेला होता, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर बांधावर बसलेल्या एकट्याच्याच.

सकाळचा झेंडा दुपारवर गेला. कारण पाहुणे, म्हणजे शहरातले एक वकील, मचव्यातून यायचे होते, आणि आमच्या खाडीत मचवा भरतीशिवाय येत नाही. सगळं गाव शाळेपुढच्या टेकाडावर उन्हात बसून. बायका मागे. बाय गावातली मानाची सवाष्ण, म्हणून चौघांना ओवाळायचं ताट तिच्या हातात. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि दर थोड्या वेळाने फुलवातीवर हात धरून वारा अडवत होती.

मचवा लागला. वकील आले, बिगूल आला नाही. शहरातून बिगूल आणि तो वाजवणारा यायचा होता, तो कुठे राहिला देव जाणे. मास्तरांचं तोंड उतरलं. झेंडा नुसताच मुक्याने कसा वर चढवायचा? मग त्यांच्याच डोक्यात आलं. "बिगूल कशाला हवा? आपले शंख आहेत! तिन्ही आळ्यांचे आणा. झेंडा उलगडला की वाजवा!"

बाय मागून म्हणाली, अगदी मोठ्याने म्हणाली, "मास्तर, बांधाचा शंख असा वाजवू नये."

चार पुरुषांनी माना वळवल्या. आमचे हे हसले. गळ्यात हार पडलेला, त्या हाराचीच नशा. म्हणाले, "वहिनी, आज धाकटी भरती हाय. आणि बांधावर दादा बसलाय. कशाला घाबरतेस?" लोक हसले. बाईचं ऐकायचं नसलं की पुरुष हसतात, हे मी तेव्हाही बघितलं आणि नंतरही. मी तिचा हात दाबला. ती पुन्हा फुलवातीवर हात धरून बसली.

शंख आणले. आमच्या आळीचा शंख सत्काराचा मानकरी म्हणून यांच्या हातात दिला. मास्तरांनी दोरी ओढली. झेंडा वर गेला, वर जाऊन जरा अडकला, मग एकदम उलगडला. मी खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले होते. आमच्या असल्या कडू गावावर एवढा मोठा रंग कधी फडकला नव्हता.

आणि त्याच क्षणी बांधावरून शंख आला.

खारेपाटात मध्ये काही आडोसा नाही. शाळेचं टेकाड बांधावरून दिसतं, काठी दिसते, झेंडा तर दिसणारच. म्हणून क्षणभर सगळे चकित झाले आणि लगेच टाळ्यांचा कडकडाट. मास्तर ओरडले, "अरे वा! बांधावरून सलामी! झेंडा दिसला त्याला! द्या, उत्तर द्या!"

हे पुढे झाले. "दादा हाय तो! माझा दादा!" असं म्हणाले, छाती भरून श्वास घेतला आणि शंख फुंकला. असा फुंकला की कधी फुंकला नसेल. मागोमाग दुसऱ्या आळीचा, मग तिसऱ्या आळीचा.

बांधावरचा शंख थांबला.

बाय ताट खाली ठेवून उभी राहिली होती. कान टवकारून ऐकत होती. पुन्हा वाजला असता तर ती धावलीच असती, मला ठाऊक आहे. पण वाजला नाही. "थांबला," ती म्हणाली. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि खाली बसली. सलामी असेल तर एकदाच वाजणार. आणि मदतीसाठी असेल तर उत्तर मिळेपर्यंत वाजणार. उत्तर तर आम्ही दिलं होतं.

मग तिने चौघांना ओवाळलं. वकिलांचं भाषण झालं. स्वयंसेवक म्हणजे हाकेला धावणारा, असं काहीबाही ते बोलले, चांगलं बोलले. लोकांनी भारतमातेचा जयजयकार केला. भाषण संपत आलं तेव्हा कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "गो बाय माझे, वालात पाणी कसलं चमकतंय?"

पुढचं मी धावत धावतच बघितलं. सगळं गाव धावत होतं. वकील तेवढे टेकाडावर उभे. वालाच्या वेली पाण्यात उभ्या आणि पाणी अजून येतच होतं. बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती. कोरड्या बांधावर दिरांचं कांबळं घडी घालून ठेवलेलं, त्याच्यावर शंख नीट ठेवलेला, तोंड खाली करून, आत वाळू जाऊ नये म्हणून. बाजूला भाकरीचं फडकं, सोडलेलंसुद्धा नाही. फळी आणि माणूस नव्हते.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. उत्तर ऐकलं, शंख ठेवला आणि कायद्याप्रमाणे उतरून पाठ लावली. गाव निघालंय, येईलच आता, असं धरून ते पाणी पाठीवर घेत उभे राहिले असतील. किती वेळ, ते कोण सांगणार? वकिलांचं भाषण केवढं लांबलं होतं, तेवढं मला ठाऊक आहे.

ओहोटी लागल्यावर सापडले. फळीसकट, चिखलात. हे गळ्यातल्या हारासकट खांडीत उतरले होते आणि नुसत्या हातांनी चिखल उपसत होते. झेंडूची फुलं पाण्यावर तरंगत होती. कुणीतरी हार तोडून फेकला. बाय काठावर उभी होती, त्याच हिरव्या लुगड्यात.

ते वर्ष कसं गेलं विचारू नका. वाल गेला, शेत पांढरं पडलं, उन्हात मिठाचा थर चमकायचा, त्याच्याकडे बघवत नसे. गावाने बांध घातला. गाव रडलं, गावाने आमच्या घरी भात आणून दिला, सगळं केलं. पण शंख वाजवायचं कुणी ठरवलं, हा विषय निघाला की जो तो दुसरीकडे बघायचा. मास्तर तर आमच्या दारावरून जायचेच बंद झाले. मला एकदा विहिरीवर एक बाई म्हणाली, "नशीब गो एकेकाचं." मी घागर आपटली. म्हटलं, "नशिबाने नाय वाजवला शंख. मारुतीसारखे छाती फुगवून तीन-तीन बाप्ये वाजवत होते, आणि तू टाळ्या पिटत होतीस. मी पण." पुन्हा ती माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

आणि हे? हा हौशी माणूस वाळूक सुकावं तसा सुकला. टोपी पेटीत गेली. गावातल्या प्रत्येकाची पाळी हे मागून घ्यायचे. अवस नाही, पुनव नाही, भांगाच्या दिवसांतसुद्धा, जेव्हा पाणी बांधाच्या पायाशी येत नाही तेव्हाही, हे बांधावर. घरात बायसमोर बसायचे नाहीत. बाय त्यांच्याशी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. जेवायला वाढायची, भावजी म्हणायची, आणि पुढे काही नाही. तिने शिव्या द्याव्यात, छाती बडवावी, विळी घेऊन अंगावर यावं, म्हणून हा माणूस झुरत होता. मला एकदा म्हणाले, "तिला सांग ना मला काहीतरी बोल म्हणून." मी म्हटलं, असलं कुणी कुणाला सांगून बोलतं का?

पुढच्या जानेवारीत मास्तर आले. ओसरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत. यंदाच्या दिवशी दिरांचा मरणोत्तर सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. गावासाठी प्राण दिला, तोही स्वयंसेवकच, देशाचाच. शाल-श्रीफळ. बाय आत चुलीपाशी होती, ऐकत होती. मास्तर हळूच म्हणाले, "आता वहिनींनी पुढे येणं म्हणजे... रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या पुरुषाने मान घ्यावा. धाकट्या भावाने."

यांचा चेहरा मला आठवतो. जिवंतपणी माणसाला चितेवर चढायला सांगावं, तसा. मी बोलायला तोंड उघडलं तोच बाय आतून म्हणाली, "येतील ते."

त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाय विधवा बायकांत, अगदी मागे बसली. झेंडा वर गेला. शंख नाही, बिगूल नाही, कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मास्तरांनी दिरांचं नाव पुकारलं. हे उठले. टेबलापर्यंत गेले. मास्तरांनी नारळ पुढे केला आणि यांचे हात वर उचललेच जाईनात. उभेच राहिले. नारळ तसाच मास्तरांच्या हातात. सगळं गाव खाली बघत होतं.

बाय उठली. बायकांच्या मधून वाट काढत सरळ पुढे गेली. कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं, तिने ऐकलं नाही. टेबलापाशी जाऊन म्हणाली, "मास्तर, ते स्वयंसेवक नव्हते. त्यांनी स्वयंसेवक बोलावले व्हते. ज्यांना बोलावलं त्यांच्यातल्या कुणालाबी द्या तो नारळ."

आणि यांच्या कोपराला धरलं, आंधळ्याला धरावं तसं, आणि म्हणाली, "चला भावजी. घरी चला."

घरी आल्यावर हे अंगणातच बसले आणि डोकं गुडघ्यात घालून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "वहिनी, एकदा तरी शिव्या दे. मी वाजवला गो तो. माझ्याच तोंडानं मी त्याला येतो म्हणून सांगितलं, आन् गेलो न्हाय."

बाय त्यांच्यासमोर बसली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं तिने. "व्हय, तुमीच वाजवला," ती म्हणाली. "आन् मी रोज देवाला हात जोडते, की वाजवला. न्हायतर ते एकटे मेले असते. पाण्यात उभं राहून त्यांना वाटलं असंल, माझा भाऊ येतोय. तेवढंच हाय माझ्याकडं. ते माझ्याकडून काढून घेऊ नका. रडू नका माझ्यासमोर."

उत्तर गेलं नसतं तर दीर उतरलेच नसते, कायद्याप्रमाणे पळत घरी आले असते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. स्वराज्य आलं तेही बघितलं, त्या दिवशी बांधावर बसून. तिच्यासमोर पुन्हा रडले नाहीत. तिने शिव्या दिल्या असत्या तर माझा नवरा वाचला असता, असं मला अजून वाटतं, आणि असं वाटल्याबद्दल मला तिची माफी मागावीशी वाटत नाही.